काळी दोनला ई फ्लॅट का म्हणायचं

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता आणि कीबोर्डवर मी होतो. सॅक्सोफोन वाजवायला मुंबईहून एक दादा आले होते. सकाळीच दुरांतोतून उतरलेले, डोळ्यांवर अजून झोप. तालमीत गाणाऱ्या ताईंनी सांगितलं, "हे गाणं काळी दोन." म्हणजे सा पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर. मी मान डोलावली, कारण पेटीवर वाढलेल्या माणसाला एवढं पुरतं. सॅक्सवाल्या दादांना मात्र कागद हवा होता. मी ऐटीत कागदाच्या डोक्यावर लिहिलं: डी शार्प मेजर. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "भाऊ, यात नऊ शार्प येतील. ई फ्लॅट लिही ना, तीन फ्लॅटांत भागतं."

पट्टी तीच, सूर तोच. मग एका नावाने नऊ खुणा आणि दुसऱ्या नावाने तीन, हे कसं? त्या रात्री घरी येऊन पेटी काढली आणि बोटांनी मोजत बसलो. तासाभरात लक्षात आलं की शार्प-फ्लॅटचा जो तक्ता लोक घोकत बसतात, तो घोकायची आपल्याला गरजच नाही. तीव्र मध्यम आणि कोमल निषाद माहीत असेल, तर तो तक्ता आपल्याकडे आधीपासून आहे. फक्त त्या नजरेने कधी पाहिलेला नसतो.

हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांना सारेगम येतं, पेटीवर एखादं भजन काढता येतं, आणि आता कीबोर्ड, व्हायोलिन किंवा गिटारच्या क्लासात पाच रेघांचा कागद पुढे आला आहे. माझ्याकडे येणाऱ्या पोरांतली निम्मी अशीच असतात. पहिल्या दिवशी एकाने विचारलं होतं, "सर, गाणं सुरू व्हायच्या आधीच एवढे काटे कायले टोचून ठेवले?" शार्पच्या खुणेला काटा म्हणणं मला तेव्हापासून आवडतं.

आधी बारा पट्ट्या नीट बघून घ्या

पेटी किंवा कीबोर्ड समोर घ्या, एक पेन्सिल घ्या आणि घरातून टिकल्यांचं एक पाकीट मागून आणा. साध्या, बारीक, लाल. टिकल्या कशाला ते पुढे कळेल.

काळ्या पट्ट्या दोनच्या आणि तीनच्या गटांत असतात. दोनच्या गटाला लागून डावीकडे जी पांढरी, ती पांढरी एक. इंग्रजी नाव सी. तिथून उजवीकडे पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळ्याही डावीकडून मोजायच्या: दोनच्या गटात काळी एक आणि दोन, तीनच्या गटात काळी तीन, चार, पाच. सात आणि पाच मिळून बारा. पुढे पुन्हा तेच.

आता एक गोष्ट डोळ्यांनी खात्री करून घ्या. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये काळी नाही. पांढरी सात आणि पुढची पांढरी एक यांच्यामध्येही नाही. बाकी सगळीकडे आहे. पुढे जो काही गुंता होतो तो या दोन बोळांमुळेच होतो.

लागून असलेल्या कुठल्याही दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे अर्धा स्वर. काळी-पांढरी असा भेद करायचा नाही, पुढची पट्टी म्हणजे पुढची पट्टी. अशी दोन पावलं म्हणजे पूर्ण स्वर.

जाता जाता: 'पट्टी' हा आपला शब्द दोन कामं करतो. पेटीवर जी दाबतो ती पट्टी, आणि "ताईंची पट्टी कोणती?" यातली, म्हणजे सा कुठे धरला आहे, तीही पट्टी. इंग्रजीतल्या 'की'चंही तसंच आहे. की सिग्नेचर म्हणजे या दुसऱ्या अर्थाच्या पट्टीची कागदावर केलेली खूण.

शार्प म्हणजे तीव्र नव्हे, फ्लॅट म्हणजे कोमल नव्हे

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच घसरतात.

शार्प म्हणजे त्या अक्षराच्या पट्टीवरून एक पाऊल उजवीकडे. फ्लॅट म्हणजे एक पाऊल डावीकडे. एफ शार्प म्हणजे एफच्या उजवीकडची काळी तीन. जी फ्लॅट म्हणजे जीच्या डावीकडची, तीही काळी तीनच. एका पट्टीला दोन नावं, जसं एकाच बाईला माहेरी एक आणि सासरी दुसरं.

'शार्प म्हणजे तीव्र, फ्लॅट म्हणजे कोमल' असं सोय म्हणून सांगितलं जातं. पहिला आठवडा ते चालतं, दुसऱ्या आठवड्यात नडतं. आपले कोमल-तीव्र हे सा कुठे आहे त्यावर ठरतात. सा हलला की ते सगळे हलतात. शार्प-फ्लॅट मात्र अक्षराला चिकटलेले असतात, सा कुठेही असो, एफ शार्प काळी तीनवरच राहणार.

करून बघा. पांढरी दोनला सा धरा आणि शुद्ध गंधार लावा. बोट काळी तीनवर जाईल. स्वर शुद्ध आहे, नाव मात्र एफ शार्प. आता पांढरी तीनला सा धरा आणि कोमल गंधार लावा. बोट पांढरी पाचवर, म्हणजे साध्या जीवर. स्वर कोमल, पण कागदावर फ्लॅट औषधालासुद्धा नाही. हे दोन प्रयोग एकदा हाताने झाले की डोक्यातला गोंधळ बराच निवळतो. नुसतं वाचून निवळत नाही, पेटी उघडाच.

फ्लॅटची खूण इंग्रजी धाकट्या बी या अक्षरासारखी दिसते आणि ते उगाच नाही. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा भिक्षू गायकांना स्वर वाचायला शिकवत होता. त्या काळच्या गाण्यात बी हा स्वर दोन परींनी येई, एक मूळचा आणि एक उतरवलेला. उतरवलेल्यासाठी गोल बी लिहीत, मूळच्यासाठी चौकोनी. गोल बीची पुढे फ्लॅटची खूण झाली, चौकोनीपासून नॅचरलची (म्हणजे 'मूळचं अक्षर वाजव' या खुणेची) आणि शार्पची. थोडक्यात, सगळ्यात आधी उतरला तो बी. सा सीवर धरला तर हाच आपला कोमल निषाद. हे लक्षात ठेवा, लवकरच कामाला येणार आहे.

टिकल्या लावायची वेळ

सगळे शुद्ध स्वर, म्हणजे बिलावल थाट, म्हणजे मेजर स्केल. त्याची पावलं अशी: सा ते रे दोन, रे ते ग दोन, ग ते म एक, म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नी दोन, नी ते वरचा सा एक. दोन-दोन-एक, दोन-दोन-दोन-एक. दोनदा मोठ्याने म्हणा, ठेका सापडेल.

पांढरी एकपासून ही पावलं टाकली तर एकही काळी लागत नाही, कारण ते दोन बोळ नेमके ग-म आणि नी-सा यांच्या जागी येतात. म्हणून सी मेजरच्या कागदावर सुरुवातीला काही खूण नसते.

आता पांढरी दोनवर टिकली लावा. हा सा. दोन पावलं, पांढरी तीन, टिकली. पुन्हा दोन: मध्ये काळी नाही, म्हणून पांढरी चार हे एकच पाऊल झालं आणि दुसरं पडलं काळी तीनवर. टिकली. एक पाऊल, पांढरी पाच. दोन, पांढरी सहा. दोन, पांढरी सात. पुन्हा दोन: पहिलं पाऊल वरच्या पांढरी एकवर, दुसरं काळी एकवर. टिकली. शेवटचं एक पाऊल, वरची पांढरी दोन. आठ टिकल्या, त्यांतल्या दोन काळ्यांवर. एफ शार्प आणि सी शार्प. डी मेजरच्या कागदावर याच दोन खुणा असतात.

काळी तीनला इथे जी फ्लॅट का नाही म्हणायचं? कारण नियम असा की सात स्वरांना सात वेगवेगळी अक्षरं मिळाली पाहिजेत, एकही दोनदा नाही आणि एकही गाळायचं नाही. डी, ई, मग एफचाच नंबर. जी फ्लॅट म्हटलं तर एफ उपाशी आणि जी दोनदा जेवला. पाच रेघांवर दोघांना एकाच जागी बसवावं लागेल आणि दर वेळी खूण बदलावी लागेल.

माझ्या डी शार्पचं काय झालं तेही आता कळेल. काळी दोनला डी शार्प म्हटलं, तर पुढचा ई, आणि त्यासाठी दोन पावलं गेलं की येते पांढरी चार. तिला एफ म्हणता येत नाही, ई शार्प म्हणावं लागतं. मग गंधार पांढरी पाचवर, त्याचं नाव एफ डबल शार्प, म्हणजे एफपासून दोन पावलं उजवीकडे. असं करत नऊ. त्याच काळी दोनला ई फ्लॅट म्हटलं तर ई, ए आणि बी असे तीन फ्लॅट, बाकी चार अक्षरं जशीच्या तशी.

पंचमाला सा करा: सगळी चावी इथे आहे

पांढरी एकला सा धरून सारेगम वाजवा. आता यातल्या पंचमाला, पांढरी पाचला, नवा सा करा आणि त्याच पांढऱ्या पट्ट्यांवरून वर जा. जी, ए, बी, सी, डी, ई... इथपर्यंत सगळं सुरेल. सातवा स्वर एफ, आणि कान लगेच म्हणतो, हा निषाद उतरलेला आहे. शुद्ध निषाद हवा तर एफला एक पाऊल वर न्यावं लागतं. एफ शार्प.

हा एफ शार्प जुन्या सा-च्या हिशोबाने कोण? तीव्र मध्यम.

सगळं शार्पांचं प्रकरण एवढ्यात आटोपतं. पंचमाला नवा सा केला की जुना मध्यम तीव्र होऊन नवा निषाद बनतो. एक पायरी, एक शार्प. आता पांढरी पाचच्या पंचमाला, म्हणजे डीला सा करा. जीचा मध्यम सी होता, तो तीव्र झाला: सी शार्प. आधीचा एफ शार्प कायम. एकूण दोन, मघाशी टिकल्यांनी सापडले तेच. डीचा पंचम ए, तीन शार्प. एचा ई, चार. ईचा बी, पाच. पुढचा पंचम काळी तीनवर पडतो, एफ शार्प मेजर, सहा शार्प. त्यातला सहावा ई शार्प, जो वाजतो पांढरी चारवर. हे पाहून घाबरायचं नाही, बोळातून गेलं की असंच होतं.

आता उलट्या दिशेने. पांढरी एकचा मध्यम, पांढरी चार, त्याला सा करा. एफ, जी, ए, आणि चौथा स्वर बी. म लावायचा होता, पण बी एक पाऊल जास्त चढलेला लागतो, म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध म हवा तर बीला उतरवा: बी फ्लॅट. जुन्या सा-चा कोमल निषाद. म्हणजे मध्यमाला नवा सा केला की जुना निषाद कोमल होऊन नवा मध्यम बनतो. एक पायरी, एक फ्लॅट. एफचा मध्यम काळी पाच, बी फ्लॅट मेजर, दोन फ्लॅट. तिचा मध्यम काळी दोन, तीन फ्लॅट. मग काळी चार, चार फ्लॅट. मग काळी एक, पाच. मग काळी तीन, सहा.

काळी तीनवर दोन्ही रस्ते भेटले. शार्पांच्या वाटेने सहा, फ्लॅटांच्या वाटेनेही सहा. वर्तुळ पूर्ण झालं. पाश्चात्त्य पुस्तकांत हेच पंचमांचं वर्तुळ म्हणून घड्याळासारखं काढलेलं असतं.

आणि एक गंमत, जी मला त्या रात्री मोजताना सापडली. काळी पट्टी कुठलीही घ्या, तिच्या शार्प नावाच्या खुणा आणि फ्लॅट नावाच्या खुणा यांची बेरीज बारा येते. काळी दोन: नऊ आणि तीन. काळी एक: सात आणि पाच. काळी चार: आठ आणि चार. काळी पाच: दहा आणि दोन. कारण वर्तुळाला घरंच बारा आहेत, एका बाजूने चार घरं चालून गेलात तर दुसऱ्या बाजूने आठ उरतात. काळीला कुठलं नाव द्यायचं हा वाद इथेच मिटतो: ज्या नावाला खुणा कमी, ते नाव. काळी एक म्हणजे डी फ्लॅट, दोन म्हणजे ई फ्लॅट, चार म्हणजे ए फ्लॅट, पाच म्हणजे बी फ्लॅट. फक्त काळी तीनला दोन्ही बाजू सारख्या, आपल्या मर्जीने लिहा. काळी एकला सी शार्प मेजर लिहिलेलंही सापडतं, सात शार्पांचं. पण मराठी गाण्यांत पुरुष गायक काळी एक धरतात ते इतक्यांदा, की दर वेळी सात काटे काढणं माझ्या हाताला परवडत नाही.

४१५२६३७

कागदावर या खुणा मनाला येईल तशा लिहीत नाहीत. शार्प नेहमी याच क्रमाने येतात: एफ, सी, जी, डी, ए, ई, बी. इंग्रजीत यासाठी वाक्यं पाठ करतात. आपल्याला पांढऱ्यांचे नंबर ठाऊक आहेत, मग ते लिहून बघा: ४, १, ५, २, ६, ३, ७. एक आड एक वाचा. चार-पाच-सहा-सात, आणि त्यांच्या मध्ये एक-दोन-तीन. जुन्या लँडलाइनच्या सात आकडी नंबरासारखा पाठ होतो. माझ्याकडच्या आठ वर्षांच्या पोरीने तो जिना चढता चढता पाठ केला.

फ्लॅटांचा क्रम हाच, पण उलटा: ७, ३, ६, २, ५, १, ४. पहिला बी, तो जुना गोल बी.

याच नंबरात आणखी एक उत्तर दडलंय. पुढचा ४ झाकून टाका. राहिले १, ५, २, ६, ३, ७. पांढरी एकला शून्य शार्प, पाचला एक, दोनला दोन, सहाला तीन, तीनला चार, सातला पाच. झाकलेला चार शून्याच्याही अलीकडे, म्हणून पांढरी चारला शार्प नाही, एक फ्लॅट. पांढऱ्या सगळ्या झाल्या, काळ्या वर झाल्याच आहेत. तक्ता संपला.

रेघांवर या खुणा कुठे बसतात ते बघूनच कळतं. ट्रेबल क्लेफमध्ये (रेघांच्या सुरुवातीची खूण, कुठल्या रेघेवर कुठलं अक्षर ते सांगणारी) पहिला शार्प सगळ्यात वरच्या रेघेवर, कारण ती एफची रेघ. पहिला फ्लॅट मधल्या रेघेवर, ती बीची. खूण ज्या रेघेवर किंवा ज्या खणात, ते अक्षर पूर्ण गाण्यात चढलेलं किंवा उतरलेलं, खालच्या आणि वरच्या सप्तकातलंसुद्धा.

कागदावरून सा कसा शोधायचा

शार्प असतील तर शेवटचा शार्प म्हणजे नी. आपण आत्ताच पाहिलं, दर पायरीला नवा आलेला शार्प निषाद होतो. त्याच्या पुढची पट्टी सा. तीन शार्प दिसले, शेवटचा जी शार्प, पुढची पट्टी ए. सा पांढरी सहाला.

फ्लॅट असतील तर शेवटचा फ्लॅट म्हणजे म. तिथून म-ग-रे-सा उतरा. त्याहून सोपं: शेवटून दुसरा फ्लॅट हाच सा. बी, ई, ए, डी असे चार दिसले तर सा ए फ्लॅट, काळी चार. एकच फ्लॅट असेल तर शेवटून दुसरा नसतोच, तेव्हा एफ. हा एक अपवाद पाठ करा, इलाज नाही.

पण कागद सा सांगतो का?

खरं सांगायचं तर नाही. तो फक्त एवढं सांगतो की बारांपैकी कुठल्या सात पट्ट्या वापरायच्या. त्या सातांतला सा कोण, हे गाणं ठरवतं.

एकही खूण नसलेला कागद घ्या, सगळ्या पांढऱ्या. पांढरी एकला सा धरला तर बिलावल. त्याच पट्ट्यांवर पांढरी दोनला सा धरा, ग आणि नी कोमल होतात, काफी थाट. पांढरी सहाला धरा, ग, ध, नी कोमल, आसावरी थाट. हे शेवटचं म्हणजे त्यांचं मायनर स्केल. म्हणून प्रत्येक की सिग्नेचरची दोन घरं सांगतात, एक मेजर आणि एक मायनर, आणि मायनरचा सा मेजरच्या धैवतावर असतो. एक शार्प म्हणजे जी मेजर किंवा ई मायनर. कुठलं ते गाणं कुठे येऊन विसावतं त्यावरून बघायचं. ई मायनरमध्ये बऱ्याचदा डीच्या मागे मध्येच एक सुटा शार्प लावलेला दिसतो. तो कोमल निषादाला शुद्ध करायला आलेला असतो, म्हणजे आसावरीची किरवाणी होते. तो दिसला की समजा, मायनर.

रागदारीतल्या चिजा या कागदावर उतरवताना आणखी मजा येते. पांढरी एकला यमन लिहा: तीव्र मध्यमासाठी एक शार्प. कागद पाहणारा म्हणेल, जी मेजर. पट्ट्या त्याच, पण यमन सीवर उभा आहे आणि जी मेजर जीवर. उलट, पांढरी पाचला भूप लिहा. वहिवाटीप्रमाणे एक शार्प लावाल, पण भूपात म आणि नी नसतात, त्यामुळे तो एफ शार्प पूर्ण चीजभर एकदाही वाजत नाही. नुसता दाराशी उभा.

आपल्या सारेगम लिहायच्या भातखंडे लिपीशी तुलना केली की हा फरक डोळ्यांत भरतो. तिथे कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र म-वर उभी रेघ, जितक्यांदा स्वर येईल तितक्यांदा. सा कुठे धरायचा ते गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडलेलं. पाच रेघांच्या कागदावर खूण एकदाच, अगदी सुरुवातीला, आणि पट्टी बांधलेली. मला विचाराल तर गायला शिकताना भातखंडेच बरे. पण दहा जणांनी एकदम वाजवायचं असेल तर पट्टी बांधलेलीच हवी.

वाटेत भेटणाऱ्या सुट्या खुणा

गाण्याच्या मध्येच एखाद्या स्वराआधी शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल दिसला तर तो तेवढ्या बारपुरता, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यापुरता, आणि त्याच रेघेवरच्या त्याच स्वराला. उभी रेघ आली की हिशोब साफ, पुन्हा सुरुवातीची की सिग्नेचर लागू. नॅचरल म्हणजे 'सध्या ना शार्प, ना फ्लॅट, मूळचं अक्षर वाजव'. बस, एवढंच आहे.

ट्रान्सपोज बटणाबद्दल दोन शब्द

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे बरेच जण सगळं पांढरी एकवरून वाजवतात आणि गायकाच्या पट्टीप्रमाणे ट्रान्सपोज बटण, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण, दाबतात. मीही दाबतो, लपवत नाही. पण शिकताना पहिलं वर्ष त्या बटणाकडे बघूसुद्धा नका. बोटं एकाच पट्टीची गुलाम होतात, आणि एखाद्या दिवशी साधी पेटी पुढ्यात आली की घाम फुटतो. नागपूरच्या मे महिन्यात तसाही तो फुटतोच.

फुंकून वाजवायच्या वाद्यांमध्ये हे बटण घडवतानाच बसवलेलं असतं. लग्नाच्या वरातीत आपल्या रस्त्यांवर दिसणारे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅटचे असतात. म्हणजे वाजवणारा आपला सी वाजवतो तेव्हा आपल्या पेटीवर तो काळी पाच ऐकू येतो. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्यामुळे बँडवाल्यांना फ्लॅटांच्या पट्ट्या सोयीच्या जातात आणि शार्पांच्या जड. पेटीवर काळी दोन अवघड वाटत असेल, पण आल्टो सॅक्सवर तीच पट्टी म्हणजे सी मेजर, एकही खूण नाही. त्या दिवशी दादांनी मला तीन फ्लॅट लिहायला लावले ते कीबोर्डवाल्याच्या शिस्तीसाठी. स्वतः मात्र त्यांनी कागद बाजूला ठेवला, आणि पूर्ण गाणं त्यांच्या लेखी पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवलं.

एक खुलासा इथेच करतो. एफ शार्प आणि जी फ्लॅट एकच, हे पेटी आणि कीबोर्डपुरतं खरं, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. गळा आणि व्हायोलिन त्याला बांधलेले नाहीत. पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नेमक्या लागत नाहीत, या तक्रारींवरूनच ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती.

सराव कसा करायचा

पहिल्या आठवड्यात फक्त पांढरी एक, पाच आणि चार. तिन्हींवर आरोह-अवरोह, पाच-पाच मिनिटं. एकातून दुसऱ्यात जाताना मोठ्याने म्हणा, "म तीव्र झाला" किंवा "नी कोमल झाला". शेजारचे बघतील, बघू द्या.

दुसऱ्या आठवड्यात पांढरी दोन आणि काळी पाच. तिसऱ्यात पांढरी सहा आणि काळी दोन. असं एका वेळी एक शार्पाची आणि एक फ्लॅटाची घ्या, वर्तुळात दोन्हीकडून पुढे सरका. दर पट्टीत येत असलेलं एखादं सोपं भजन वाजवा, कारण नुसत्या स्केलने पोरं कंटाळतात आणि मोठीही. घाई करून एका रविवारी बाराही उरकणारे मी पाहिले आहेत, सोमवारी त्यांच्याकडे एकही उरत नाही.

रोज रात्री कागदावर तीन की सिग्नेचर स्वतः काढा. शार्प किती, फ्लॅट किती, सा कुठला, मायनरचा सा कुठला. चुकलात तर टिकल्या लावून तपासा.

टिकल्या महिनाभरात काढून टाका, नाहीतर डोळा पट्टीवर न बसता लाल ठिपक्यांवर बसतो. उन्हाळ्यात त्यांचा गोंद पट्टीला चिकटून राहतो. तो काढायला नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका, प्लास्टिकची चमक जाते आणि तिथे पांढुरका डाग कायमचा राहतो. माझ्या पेटीच्या काळी दोनवर आहे तसा. ओल्या फडक्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब घेऊन हलकेच चोळा, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या.